दहा मिनिटांचं बोलणं गावोगाव का फिरतं?

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाची व्याख्यानमाला गणपतीत असते. पद्धत तुम्हाला ठाऊक असलेलीच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग तोच परिचय पुन्हा सांगणारे अध्यक्ष. मूळ भाषण सुरू होईस्तोवर मागच्या रांगा जेवायला घरी गेलेल्या असतात. गेल्या वर्षी पोरांनी हट्ट धरला की एक संध्याकाळ आमच्याकडे द्या. पाच वक्ते, प्रत्येकी दहा मिनिटं, सत्कार नाही, मोबाईलवर शूटिंग, दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर.

त्यातल्या दोन भाषणांविषयी विचारायचं आहे. एक होते शहरातून आलेले प्राध्यापक. वेळेचं नियोजन हा विषय, सुंदर स्लाइड, स्वच्छ उच्चार, दोन शेर, घड्याळाच्या काट्यावर संपवलं. टाळ्या भरपूर. दुसरा आमचा केळीवाला शेतकरी. हातात कागद नाही, सुरुवातीला आवाज थरथरत होता. विषय हरण्या रोग. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणलेलं पिवळ्या पट्ट्यांचं पान वर धरलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "हे झाड वाचवू नका." मग नऊ मिनिटं तेच: का वाचवू नका, कसं उपटा, कुठे पुरा, आणि मी ते वाचवायला गेलो तेव्हा माझ्या बागेचं काय झालं.

प्राध्यापकांचं भाषण यूट्यूबवर पडून आहे, बघणाऱ्यांत निम्मे आम्हीच. शेतकऱ्याचं मात्र आठवडाभरात बऱ्हाणपूरच्या माझ्या साल्याच्या ग्रुपवर फिरून मलाच परत आलं. खाली लिहिलेलं, "दाजी, हे बघा, तुमच्याकडचे आहेत का?"

यंदा पोरांना पुन्हा संध्याकाळ द्यायची आहे. वक्त्यांना काय सांगू? "मनापासून बोला" हे सांगायला मी नको. त्यापलीकडे काही असेल तर लिहा.

भुसावळ_आऊटर

सोपं आहे. प्राध्यापकांचं भाषण कोणाला पाठवायचं? ज्याला पाठवाल त्याला वाटणार, हा मला आळशी म्हणतोय.

केळीवाला_रावेर

आऊटरदादांनी एका ओळीत मारलं की. मी तो व्हिडिओ पाहिलाय आणि पुढेही पाठवलाय, म्हणून का पाठवला ते सांगतो.

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. मावा किडीमार्फत पसरतो. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस असला की जुलै-ऑगस्टात जोर धरतो, म्हणजे गणपतीच्या सुमारास प्रत्येकाच्या डोक्यात तोच विषय असतो. लहान रोपांना लागला की घड धरण्याची आशा सोडायची. औषध मारून व्हायरस जात नाही, माव्याचा बंदोबस्त तेवढा करता येतो. आणि तरी माणूस झाड उपटत नाही. टिश्यू कल्चरचं रोप विकत आणलेलं असतं, ड्रिप टाकलेलं असतं, हात धजावत नाही. रोज सकाळी जाऊन बघायचं, आज जरा बरं दिसतंय का. तोवर मावा शेजारच्या ओळीत.

हे सगळं कृषी विभागाच्या पत्रकात असतं. काकडी-भोपळ्याची वेल, मिरची, टोमॅटो बागेत किंवा बांधाला लावू नका, हेही असतं. पत्रक वाचून मी कोणाला फोन केला नव्हता. व्हिडिओ पाहिला तेव्हा दोन माणसं डोळ्यांसमोर आली: यावलचा मावसभाऊ आणि शेजारचा शेतकरी, ज्याचं झाड मी वाचवू देत बसलो तर माझी बाग जाते. त्याला तोंडावर "उपट" म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. व्हिडिओ पाठवला, भांडण टळलं. आपल्याला जे सांगता येत नाही ते दुसऱ्यानं नीट सांगितलेलं असलं की माणूस पुढे ढकलतोच.

मूळ_अमळनेर

छान धागा. मी शिक्षणसंस्थेत असे कार्यक्रम घडवतो, म्हणून थोडं सविस्तर.

छोट्या भाषणांची हवा आली ती टेडमुळे. टेड परिषद अमेरिकेत १९८४ साली सुरू झाली, पण तेव्हा ती तिकीट काढून येणाऱ्यांपुरती होती. २००६ च्या जूनमध्ये त्यांनी भाषणं इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली आणि मग जगभर झाली. २००९ पासून टेडेक्स या नावाने गावोगावी कार्यक्रम घ्यायला परवाने दिले. मर्यादा १८ मिनिटं. बोलणाऱ्याला मानधन नाही. २०१७ मध्ये शाहरुख खानला घेऊन हिंदीत टीव्हीवरही मालिका आणली होती.

लोक त्यातून बाह्य गोष्टी उचलतात. गोल लाल गालिचा, कानाला माईक, खिशात हात. मुख्य गोष्ट उचलत नाहीत, ती म्हणजे १८ मिनिटांत एकच मुद्दा. शिक्षणतज्ज्ञ केन रॉबिन्सन यांचं २००६ चं शाळांवरचं भाषण तिथलं सर्वात जास्त पाहिलेल्यांपैकी. एकही स्लाइड नाही. हसवत हसवत एकच गोष्ट सांगितली: शाळा पोरांची सर्जनशीलता मारते. त्यासाठी नृत्यदिग्दर्शिका जिलियन लिन यांच्या लहानपणाचा किस्सा. शाळेला वाटलं पोरगी मंद आहे, डॉक्टरांनी रेडिओ लावून खोलीबाहेरून आईला दाखवलं की ही नाचते आहे. भाषण ऐकलेल्या माणसाला आकडे विचारा, सांगता येणार नाहीत. हा किस्सा मात्र तो तुम्हाला पूर्ण सांगेल.

तापीकाठ, तुमची खरी कसोटी इथे आहे. भाषण संपल्यावर ऐकणारा घरी जाऊन बायकोला ते एका दमात सांगू शकतो का? तुमच्या शेतकऱ्याचं: "हरण्या लागला तर झाड वाचवायचं नाही, उपटून पुरायचं, नाहीतर बाग जाते." झालं. प्राध्यापकांचं काय सांगणार? "वेळेवर छान बोलले."

आखूड बोलण्याची ताकद जुनीच आहे म्हणा. १९ नोव्हेंबर १८६३ ला अमेरिकेत गेटिसबर्गला सैनिकांच्या दफनभूमीच्या सोहळ्यात मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट, ते दोन तास बोलले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन उठले आणि दोन-तीन मिनिटांत बसले, पावणेतीनशेच्या आसपास शब्द. दुसऱ्याच दिवशी एव्हरेट यांनी पत्र लिहून कबूल केलं की तुम्ही दोन मिनिटांत जिथे पोचलात तिथे मी दोन तासांत पोचलो असतो तर बरं वाटलं असतं. आपल्याकडे पाहुणे असं पत्र लिहीत नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

भुसावळ_आऊटर

शेवटच्या वाक्याला माझ्याकडून शाल आणि श्रीफळ.

वहीवरचं_अक्षर

एक आठवण करून देते, आपल्याच भागातली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीला पहिलं, १९ जूनला अठरावं, दर रविवारी एक. समोर सत्याग्रही राजबंदी. आज ती देशातल्या अनेक भाषांत छापली गेली आहेत. कशामुळे? तिथे साने गुरुजी होते आणि ते प्रत्येक प्रवचन उतरून घेत होते. अमळनेरच्या शाळेत मुलांना गोष्टी सांगून कान तयार झालेला माणूस! बोललेलं जसंच्या तसं जिवंत ठेवून कागदावर आणणं कोणालाही जमलं नसतं.

आसोद्याच्या बहिणाबाईंचंही तेच. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेलं सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी लिहून ठेवलं म्हणून राहिलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये कविता छापून आल्या. लिहून ठेवणारं कोणी नसतं तर घराबाहेर किती गेलं असतं?

म्हणून तुमच्या पोरांतल्या शूटिंग करणाऱ्याला वक्त्याइतकंच महत्त्व द्या. त्याचं नाव आभारातसुद्धा येत नाही.

तापीकाठ

वहीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. शूटिंग करणारा पोरगा खुर्चीवर उभा राहून नऊ मिनिटं हात न हलवता उभा होता, त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

@मूळ_अमळनेर, वाक्य एकच असावं हे पटलं. पण प्राध्यापकांकडेही एक वाक्य होतं, "सकाळचा पहिला तास स्वतःला द्या." तेही घरी सांगता येतं. मग?

मूळ_अमळनेर

सांगता येतं, पण सांगावंसं वाटत नाही, कारण ते सगळ्यांना आधीच मान्य आहे. "हे झाड वाचवू नका" ऐकल्यावर शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. शेतकऱ्यालाच झाड मारायला सांगतोय? पुढची नऊ मिनिटं तो त्या "का"च्या मागे बसतो. ऐकणाऱ्याच्या समजुतीला धक्का लागला पाहिजे आणि त्याची भरपाईही तिथेच मिळाली पाहिजे. नुसता धक्का देऊन निघून जाणारे वक्ते रील्सवर पुष्कळ आहेत.

उलटा_प्रश्न

सगळे आनंदाने डोलताय म्हणून मुद्दाम आडवा येतो.

पसरलं म्हणजे यशस्वी, हे कोणी ठरवलं? २०१२ मध्ये एमी कडी या मानसशास्त्रज्ञ बाईंचं टेडवर भाषण झालं. दोन मिनिटं छाती पुढे काढून, हात कमरेवर ठेवून उभं राहा, शरीरातली संप्रेरकं (हार्मोन्स) बदलतात, मुलाखतीत फायदा होतो. तुम्ही म्हणता ते सगळं त्यात आहे. एक वाक्य, समजुतीला धक्का, स्वतःच्या अपघाताची हकिगत, आणि लगेच करून बघण्याजोगं काहीतरी. कोट्यवधी लोकांनी पाहिलं. पण ज्या अभ्यासावर ते उभं होतं त्यात माणसं होती ४२. पुढे दुसऱ्या संशोधकांनी २०० माणसांवर तोच प्रयोग केला, तर संप्रेरकांत काही फरक दिसला नाही. २०१६ मध्ये मूळ अभ्यासातल्या सहलेखिका डेना कार्नी यांनीच जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. कडी बाई आत्मविश्वास वाढल्यासारखं वाटतं या मुद्द्यावर ठाम राहिल्या, ते असो. भाषण मात्र अजून फिरतंय. दुरुस्तीला १८ मिनिटं कोणी दिली नाहीत.

आपल्या ग्रुपवर तर रोजच. अमुक पानाचा रस घेतल्याने मूतखडा विरघळला, तमुक बियांनी साखर गेली. सांगणारा अस्खलित, किस्सा जिवंत, वाक्य एकच! व्हॉट्सॅपने २०२० मध्ये फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं ते उगाच नाही. उद्या तुमच्या व्यासपीठावरून कोणी हरण्यावर ताकाची फवारणी सांगितली आणि व्हिडिओ बऱ्हाणपुरात गेला, तर जबाबदारी कोणाची?

केळीवाला_रावेर

प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे हे घडतं. म्हणून त्या शेतकऱ्याच्या भाषणातला मला सर्वात आवडलेला भाग सांगतो, जो कोणाच्या लक्षात आला नाही. मध्येच तो म्हणतो, "करपा वेगळा, हरण्या वेगळा. करप्याचं झाड उपटू नका, नाहीतर मला शिव्या द्याल." करपा बुरशीचा, त्याला फवारणी चालते. म्हणजे त्यानं आपला सल्ला कुठे लागू नाही हेही सांगितलं. नऊ मिनिटांतलं अर्धं मिनिट खर्च केलं त्यावर.

मूळ_अमळनेर

@उलटा_प्रश्न, मान्य. मी उदाहरणं निवडताना यशस्वी झालेलीच निवडली होती. पण मग उपाय काय? भाषण मुद्दाम रटाळ करायचं?

उलटा_प्रश्न

रटाळ नको. व्यासपीठावर जाण्याआधी त्या विषयातल्या माणसाला ऐकवा. शेतकरी असेल तर कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला, तब्येतीचं असेल तर डॉक्टरांना. त्यांनी भाषा सुधारायची नाही, चूक तेवढी काढायची. आणि "हे कुठे लागू नाही" हे अर्धं मिनिट सक्तीचं करा. लोकांनी वाईट म्हटलं तरी चालेल.

अहिरानी_पोऱ्या

भाऊसहोन, मी एकच गोट सांगस. मांगे आमना गावमा एक साहेब उना. पुस्तकी भाषामा पीकविमा समजाडी ग्या. लोकेस्नी टाया वाजाड्यात, बाहेर इसन एकमेकले इचारं, "काय सांगी ग्या रे भो?" मंग आमना शिपाई आप्पानी पाच मिनिटमा सांगं, "नुकसान व्हयनं का ७२ तासना आत कळाडा, नहीते पैसा इसरी जा." तव्हय बठ्ठासना डोकामा बसनं.

आते सांगा, टाया कोनले भेटन्यात आनी काम कोनी करं?

लेवा_गणबोली

पोऱ्या 👌 आमच्या रावेर-यावलकडे अहिराणी चालत नाही बरं का, आमची बोली वेगळी. पण मुद्दा तोच. तो केळीवाला माईकसमोर शुद्ध बोलायला गेला असता तर पहिल्या मिनिटाला अडखळला असता.

यूट्यूबवर खान्देशी कॉमेडी आणि अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा बघितली जातात, पार सुरत-पुण्याला कामाला गेलेली माणसं बघतात. म्हणजे बोलीमुळे पसरायला अडतं हे कोणी सांगू नये. व्यासपीठावर चढलं की मात्र आपण सगळे अचानक "सन्माननीय" होतो.

फळा_आणि_खडू

"सन्माननीय" निघालंच आहे तर मास्तर म्हणून आमचा वाटा सांगून टाकतो. हे आम्ही शिकवतो. शालेय वक्तृत्व स्पर्धेत गुण असतात पाठांतराला, उच्चारांना, हावभावांना. विषयाला किती असतात विचारू नका. पोरगं उजवा हात आकाशाकडे नेतं, "अंधारातून प्रकाशाकडे" म्हणतं, डोळे मात्र पंख्यावर, कारण पुढची ओळ तिथे लिहिलेली आहे असं त्याला वाटतं. शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो." दोन शब्द दहा मिनिटं चाललेले असतात. पालकांनी लिहून दिलेलं, पालकच पहिल्या रांगेत ओठ हलवत बसलेले.

ही मुलं मोठी झाली की प्राध्यापक, अधिकारी, पुढारी होतात आणि तसंच बोलतात. केळीवाला वाचला, कारण बहुधा त्याला शाळेत स्पर्धेत घेतलं नसावं.

आमच्या वर्गात सध्या एक वेगळी गोष्ट करतो. मुलानं बोलून झालं की ज्याला विषय माहीत नाही अशा दुसऱ्या मुलाला उभं करून विचारतो, तो काय म्हणाला? दुसऱ्याला सांगता आलं तर गुण पहिल्याला. गोंधळ होतो, पण पोरं आता सोपं बोलायला लागली आहेत. एकानं विहिरीतल्या गाळावर बोलताना खरंच बाटलीत गढूळ पाणी आणलं आणि भाषण संपेस्तोवर गाळ खाली बसून दाखवला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मूळ_अमळनेर

मास्तर, ती बाटली! वस्तू हातात असण्याचा परिणाम फार मोठा. जिल बोल्ट टेलर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी २००८ मध्ये स्वतःच्या पक्षाघाताविषयी सांगताना व्यासपीठावर खरा मानवी मेंदू आणला होता. बिल गेट्सनी २००९ मध्ये मलेरियावर बोलताना बरणीतून डास सोडले सभागृहात. हान्स रोसलिंग हा स्वीडनचा आकडेवाला डॉक्टर, जगाची लोकसंख्या कशी वाढेल हे प्लास्टिकचे डबे एकावर एक रचून सांगायचा.

पण वस्तू मुद्द्याचीच पाहिजे. एका कार्यक्रमात वक्त्यानं दिवा पेटवला, फुगा फोडला, दोरी कापली. संध्याकाळी लोक जादूचे प्रयोग झाले म्हणून सांगत होते.

साऊंडवाला_धुळे

नमस्कार. तुम्ही सगळे आतलं बोलताय, मी बाहेरचं सांगतो, कारण निम्मे व्हिडिओ मरतात ते आवाजामुळे. चित्र हललं तर लोक सोसतात. आवाज घुमला की पहिल्या पाच सेकंदांत पुढे सरकतात.

मंगल कार्यालयात पत्र्याचं छत आणि फरशी, आवाज आदळून परत येतो. मोबाईल मागे ठेवला की त्यात वक्ता कमी आणि घुमारा जास्त येतो. बिनवायरचा कॉलर माईक मोबाईलला थेट लावा, भाड्यानेही मिळतो. स्पीकरमधून येणारा आवाज रेकॉर्ड करू नका. पंखे बंद ठेवता आले तर ठेवा. गणपतीत शेजारच्या मंडळाचा डीजे असतोच, त्यांच्याशी आधी बोलून घ्या, आरतीची वेळ विचारा.

व्हिडिओ उभा घ्या, बघणारे सगळे मोबाईलवर. सुरुवातीचं "व्यासपीठावरील मान्यवर" कापून टाका, पहिल्या सेकंदाला मुद्दा आला पाहिजे. केळीवाल्याचा व्हिडिओ पानापासून सुरू होतो, हे कोणा पोराचं डोकं असेल तर त्याला माझा सलाम. खाली मराठी अक्षरं टाका, एस.टी.त लोक आवाज बंद ठेवून बघतात. आणि मोठ्या व्हिडिओतून स्टेटसला ठेवता येईल असा एका मिनिटाचा तुकडा वेगळा काढा. तो तुकडा एकटा पाहिला तरी अर्थ उलटा लागणार नाही हे तपासा. "हे झाड वाचवू नका" एवढंच गेलं आणि करप्याचं वाक्य कापलं गेलं तर काय होईल?

उलटा_प्रश्न

साऊंडवाले, शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. छापून भिंतीला लावा.

नंदुरबारची_मिरची

मी वाचत होते फक्त, आता मदत मागते. मी धडगाव भागात आरोग्याचं काम करते. होळीच्या आधी आमच्याकडे भोंगऱ्याचे बाजार भरतात, सगळा सातपुडा उतरतो, आणि होळीनंतर लग्नं सुरू होतात. तेव्हा सिकलसेलवर सात-आठ मिनिटं बोलायची संधी आहे. भिल्ल-पावरा समाजात हा आजार बराच आहे. २०२३ च्या जुलैपासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीमही चालू आहे, तपासण्या होतात, पण लोक कार्ड पेटीत ठेवून विसरतात. माझी सुरुवात अशी आहे:

"नमस्कार. सिकलसेल हा एक आनुवंशिक रक्तविकार असून यामध्ये हिमोग्लोबिनच्या रचनेतील दोषामुळे लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात..."

सुधारून द्या.

फळा_आणि_खडू

ताई, आधी सांगा, हे ऐकून नेमकं कोणी काय करायचं?

नंदुरबारची_मिरची

ज्यांची लग्नं ठरणार आहेत त्या दोघांनी आधी रक्त तपासायचं. सरकारी दवाखान्यात फुकट होतं. दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतःला आजार नाही पण दोष अंगात आहे, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक.

डॉ_सातपुडा

इथे एक मोठी गफलत होते. "चारात एक" ऐकून लोक समजतात की चार मुलं झाली तर एकच आजारी, आणि पहिलं आजारी निघालं की पुढची तीन सुटली. तसं नाही. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच. आणि वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, हे आवर्जून सांगा. नाहीतर तुमच्या भाषणानंतर मुलींची लग्नं मोडायला लागतील. एक वाहक आणि एक निरोगी असेल तर मूल वाहक होऊ शकतं, आजारी होत नाही. आणि आजार असलेल्यांना उपचार आहेत, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात, हे शेवटी एका वाक्यात.

फळा_आणि_खडू

मग ही वस्तूनं दाखवायची गोष्ट आहे. दोन पोरांना पुढे बोलवा. प्रत्येकाच्या मुठीत एक लाल, एक पांढरा मणी. लाल म्हणजे सिकलसेलचा. दोघंही वाहक. तिसऱ्यानं डोळे मिटून एकाकडून एक, दुसऱ्याकडून एक उचलायचा. दोन लाल आले तर बाळ आजारी. मणी परत मुठीत, पुन्हा उचला. पुन्हा दोन लाल येऊ शकतात. "चारात एक"चा घोटाळा तिथेच मिटतो, बोलावं लागत नाही.

उलटा_प्रश्न

हे चांगलं आहे. मग एकाच्या मुठीत एक लाल-एक पांढरा आणि दुसऱ्याच्या मुठीत दोन्ही पांढरे, असंही दाखवा. दोन लाल येऊच शकत नाहीत. डॉक्टरांचं "मुली नाकारू नका" त्यातच आलं.

मूळ_अमळनेर

पहिलं वाक्य असं ठेवा: "या दोघांना काहीच आजार नाही. यांचं बाळ मात्र आजारी होऊ शकतं." मग मणी. हिमोग्लोबिन हा शब्द कुठेच नको. विळ्याच्या आकाराचा विषय शेवटपर्यंत काढू नका, काढलात तर लोक विळाच लक्षात ठेवतील.

केळीवाला_रावेर

आणि व्हिडिओ काढाल तर लग्नाच्या पोरांनाच काय, त्यांच्या मामांना पाठवा. ठरवणारे तेच असतात.

अहिरानी_पोऱ्या

ताई, भाषा कोनती? तठे अहिरानी बी नही चालाव.

नंदुरबारची_मिरची

हो, पावरीत व्हायला हवं. माझी पावरी कामापुरतीच आहे, विनोद केला तर उलटा पडतो. आमच्या आशाताई पावरा आहेत, पाड्यावर सगळे त्यांना ओळखतात. बोलायला त्यांनाच उभं करते, मी बाजूला मणी धरून उभी राहते. त्यांना भाषण म्हटलं तर घाबरतील, "बाजारात सांगतेस तसंच सांग" म्हणेन. सांगून झालं की डॉक्टर, तुम्हाला ऑडिओ पाठवते, पावरी समजणारं कोणी आहे का तुमच्याकडे?

डॉ_सातपुडा

आमच्या सिस्टर आहेत. त्या ऐकून मला मराठीत सांगतील. सांगताना काय सुटलं, काय बदललं ते कळवतो.

साऊंडवाला_धुळे

भोंगऱ्यात ढोल असतो, साधा माईक टिकणार नाही. माझ्याकडे फोम लावलेला आहे, शहाद्याला कोणाच्या हाती देऊ ते सांगा. भाडं नको.

नंदुरबारची_मिरची

शहाद्याचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवते दादा. आणि मणी मोठे आणते, लाकडी. मागे उभ्या असलेल्यांना रंग दिसला पाहिजे.